हरवलेलं एक्सपान्शन आणि ते सांभाळणारे खेळाडू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या सिनेमांच्या निगेटिव्ह कशा सापडतात, कशा साफ करतात, एकेक फ्रेम कशी दुरुस्त करतात यावर तुमच्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडला, घरात वाचून पण दाखवला. पण त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की आता सगळं डिजिटल असल्यामुळे पुढच्या पिढीला ही जपणूक करायची वेळ येणार नाही, अशा अर्थाचं. तिथेच माझं घोडं अडलं. म्हटलं याच्यावर लिहायलाच पाहिजे, कारण नेमका त्याच आठवड्यात मी पंचवीस वर्षांपूर्वीचा एक कम्प्युटर गेम, म्हणजे खरं तर त्या गेमचं एक्सपान्शन (मूळ गेमला जोडायचा जादा भाग), आजच्या लॅपटॉपवर चालवायच्या खटपटीत होते आणि डिजिटल गोष्ट किती सहज हरवते ते मी स्वतः बघत होते.

गेमचं नाव हीरोज ऑफ माईट अँड मॅजिक ३. १९९९ चा. ज्यांनी खेळलाय त्यांना पुढचं काही सांगायला नको, ज्यांनी नाही खेळला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं एक टाउन असतं, एक हीरो असतो, हीरोकडे सैन्य असतं आणि समोर काळोखात झाकलेला नकाशा. लाकूड, दगड, पारा, गंधक, स्फटिक, रत्नं आणि सोनं अशा सात गोष्टी गोळा करायच्या, टाउनमध्ये इमारती बांधायच्या, आठवड्याच्या पहिल्या दिवशी नवीन सैनिक मिळतात ते घ्यायचे आणि दुसऱ्याच्या टाउनवर चालून जायचं. सगळं पाळीपाळीने, म्हणजे बुद्धिबळासारखं, घाई कशाचीच नाही. लढाई झाली की षटकोनी घरांचा एक छोटा पट उघडतो, १५ बाय ११ चा, त्यावर ग्रिफिन, ड्रॅगन, सांगाडे, झाडाची माणसं वगैरे एकमेकांना भिडतात. एवढंच. आणि या एवढ्यातच माझी आणि दादाची कित्येक सुट्ट्यांमधली झोप गेली.

आम्ही हॉट सीट खेळायचो. एकच कम्प्युटर, एकच खुर्ची, माझी टर्न संपली की मी उठायचं आणि तोंड फिरवून बसायचं कारण त्याचा नकाशा मला दिसता कामा नये. दादा बेईमानी करायचा, कपाटाच्या काचेत बघायचा, हे मला खूप वर्षांनी कळलं. असो.

तर यावेळी काय झालं, कपाट आवरताना ती डिस्क सापडली. आर्मागेडन्स ब्लेड, पहिलं एक्सपान्शन, ते पण १९९९ चंच, मूळ गेमनंतर काही महिन्यांतच आलेलं. एक्सपान्शन म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागतं, त्यांना डीएलसी, म्हणजे नेटवरून उतरवायचा जादा भाग, म्हटलं की कळतं. पण तेव्हाचं एक्सपान्शन म्हणजे वेगळी डिस्क, मूळ गेमवर चढवायची, आणि त्यात चार टोप्या आणि दोन तलवारी देऊन बोळवण करायची पद्धत नव्हती, अख्खा नवा भाग असायचा. मी मोठ्या उत्साहात डिस्क पुसली आणि मग लक्षात आलं की घरात एकाही कम्प्युटरला डिस्क घालायची जागाच नाहीये. हसू आलं. ओळखीच्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, तो बराच वेळ घरघर करत राहिला आणि मग म्हणाला की वाचता येत नाही. चरा पडलाय. दुसरी डिस्क, मूळ गेमची, ती वाचली गेली, इन्स्टॉल पण झाला, पण चालू केल्यावर कधी रंग विचित्र दिसायचे, कधी माऊस असा रखडत चालायचा की बाण एकीकडे आणि हात दुसरीकडे. गेम १६-बिट रंगांच्या जमान्यात बनलेला आणि तेव्हाच्या विंडोजशी ज्या पद्धतीने बोलायचा ती पद्धत आजची विंडोज नाइलाजाने सांभाळून घेते, म्हणून हे सगळं. त्या काळातल्या काही गेम्सची तर याहून वाईट गत आहे, डिस्क खरी आहे की कॉपी हे तपासणारं जे कुलूप डिस्कवर घातलेलं असायचं त्यातल्या एका प्रकारचा ड्रायव्हर विंडोज १० पासून सुरक्षेच्या कारणाने चालतच नाही, म्हणजे ज्याने पैसे देऊन खरी डिस्क घेतली तो दाराबाहेर आणि ज्याने कुलूप तोडलेली कॉपी ठेवली तो आत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

शेवटी मी सरळ मार्ग धरला आणि नेटवरून कम्प्लीट एडिशन विकत घेतली, ज्यात मूळ गेम, आर्मागेडन्स ब्लेड आणि २००० मध्ये आलेलं शॅडो ऑफ डेथ असं तिन्ही एकत्र मिळतं. डाउनलोड झाली, डबल क्लिक केलं, चालू झाली. इतकं सोपं होतं तर मी डिस्क घेऊन तीन दिवस काय करत होते कोण जाणे.

पण चालू होणं वेगळं आणि नीट दिसणं वेगळं. हा गेम ८०० बाय ६०० च्या पडद्यासाठी काढलाय. म्हणजे चार लाख ऐंशी हजार ठिपके. आजच्या साध्या लॅपटॉपच्या फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, चारपटीपेक्षा जास्त. मग एक तर गेम मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो नाहीतर ताणून मोठा केला की सगळं पुसट, घोड्यावरचा हीरो ओल्या कागदावर काढल्यासारखा. इथे पहिल्यांदा मला एचडी मॉड, म्हणजे खेळणाऱ्या लोकांनी गेममध्ये फेरफार करायला फुकटात बनवलेली जोडणी, उपयोगी पडला. तो चित्रं बदलत नाही, खिडकी मोठी करतो. पूर्वी पडद्यावर नकाशाचा जेवढा तुकडा दिसायचा त्याच्या कितीतरी मोठा तुकडा एकदम दिसतो. पहिल्यांदा तसं बघितलं तेव्हा मी दोन मिनिटं नुसती बघत बसले, कारण ज्या नकाशावर मी शाळेत असताना डोंगरापलीकडे काय आहे म्हणून जीव मुठीत धरून जायचे तो डोंगर म्हणजे पाच-सहा चौकोनांचा उंचवटा आहे आणि पलीकडे लाकडाची वखार आहे, बस्स. थोडं वाईट पण वाटलं. छोट्या खिडकीतून बघताना जग मोठं वाटायचं.

अजून एक गोष्ट गेली ती म्हणजे थांबणं. पूर्वी आपली टर्न संपली की कम्प्युटरच्या सहा-सात खेळाडूंच्या टर्न व्हायच्या, वाळूचं घड्याळ हळूहळू सरकायचं, मोठा नकाशा असेल (सगळ्यात मोठा १४४ बाय १४४, आणि खाली तेवढाच तळघरातला) तर चांगलाच वेळ लागायचा. त्या वेळात मी आणि दादा तह करायचो, मोडायचो, भांडायचो. आता एंड टर्न दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढचा दिवस. सोयीचं आहे, मान्य, पण मग मी एका बैठकीत खेळातले चार महिने खेळून गेले आणि मान वर केली तर रात्रीचे दोन.

चित्रांबद्दल मात्र सांगायलाच पाहिजे. त्याच वर्षांतले थ्रीडी गेम आज बघवत नाहीत, माणसांचे हात म्हणजे खोकी आणि चेहरा म्हणजे चिकटवलेला फोटो. हीरोज ३ मधले प्राणी आधी कम्प्युटरवर थ्रीडीत बनवून मग त्यांच्या हालचालींची एकेक सपाट चित्रं काढून ठेवलेली आहेत, त्यामुळे ती अजून तशीच्या तशी देखणी आहेत. आणि संगीत! प्रत्येक टाउनचं वेगळं, जमीन बदलली की वेगळं, बर्फातलं वेगळं, दलदलीतलं वेगळं. पॉल रोमेरो आणि मंडळींनी केलेलं ते रॅम्पार्ट नावाच्या टाउनचं संगीत लागलं आणि स्वयंपाकघरातून आईने विचारलं, तुमचा तो घोडेवाला गेम का ग? तिने कधी माऊसला हात लावलेला नाही.

आता एक्सपान्शनकडे येते, कारण पत्राचं खरं कारण तेच आहे.

आर्मागेडन्स ब्लेडमध्ये नववं टाउन, म्हणजे स्वतःचं वेगळं सैन्य असलेला टाउनचा नववा प्रकार आला, कॉन्फ्लक्स. हवा, पाणी, अग्नी, पृथ्वी यांचे एलिमेंटल, सुरुवातीला चिमुकल्या पऱ्या आणि शेवटी फिनिक्स. हा फिनिक्स मूळ कंपनीने बनवलेल्या सगळ्या प्राण्यांत वेगवान, मेला की लढाईत एकदा राखेतून परत उठतो, आणि बाकीच्या टाउनमध्ये सातव्या पायरीचे प्राणी मुळात आठवड्याला एक मिळतात तिथे हे दोन मिळतात. वर मॅजिक युनिव्हर्सिटी नावाची इमारत, दोन हजार सोनं टाका आणि चार जादूंपैकी हवी ती विद्या शिका. म्हणजे उघड उघड पक्षपात. आजही मुरलेले लोक आपसात सामने खेळतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी कॉन्फ्लक्सवर बंदी असते. आमच्या घरात दादा कायम कॉन्फ्लक्स घ्यायचा आणि मी बोंबलायचे, तर तो म्हणायचा तुला खेळता येत नाही. आता जगाने माझ्या बाजूने निकाल दिलाय.

पण हे कॉन्फ्लक्स मुळात ठरलेलंच नव्हतं. ठरलं होतं फोर्ज नावाचं टाउन, यंत्रांचं, ज्यात मेलेल्यांना यंत्राचे हात बसवलेले सैनिक, आगीचे गोळे फेकणारे वगैरे. तलवारी-ड्रॅगनच्या खेळात यंत्रं कुठून आली असं वाटेल, पण हीरोज जिच्यातून निघालं त्या माईट अँड मॅजिक मालिकेच्या जुन्या खेळांमध्ये पहिल्यापासून मागे अंतराळयानं आणि प्राचीन यंत्रं आहेतच, ज्यांनी नुसतं हीरोज खेळलंय त्यांना ते माहीत नसतं इतकंच. फोर्जची बातमी बाहेर आली आणि चाहते असे काही भडकले की गेम बनवणाऱ्या न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग कंपनीने ते टाउन सोडून दिलं आणि त्याच्या जागी कॉन्फ्लक्स आणलं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, नेट कुठे होतं आमच्याकडे. आता वाचलं तेव्हा कॉन्फ्लक्समधले प्राणी असे एकमेकांसारखे का दिसतात ते कळलं, बरेचसे एलिमेंटल मूळ गेममध्ये होतेच, त्यांनाच गोळा करून टाउन उभं केलंय.

गोष्ट पण चांगली आहे. ल्युसिफर नावाचा सैतानी राजा स्वप्न बघतो की अख्खं जग पेटलंय, आणि ते खरं करायला त्याला आर्मागेडनची तलवार, म्हणजेच आर्मागेडन्स ब्लेड, हवी असते. ती ज्याच्या हातात तो आर्मागेडनची जादू करू शकतो, सगळ्या पटावर आग पडते आणि त्याच्या स्वतःच्या सैन्याला मात्र काही होत नाही. गंमत म्हणजे २००२ मध्ये चौथा हीरोज आला त्याची सुरुवातच अशी आहे की हीच तलवार बर्फाच्या तलवारीवर आदळते आणि हे सगळं जग नष्ट होतं. एक्सपान्शनमधल्या तलवारीने मुळातलं जगच संपवलं, असं किती मालिकांमध्ये होतं? शॅडो ऑफ डेथची गोष्ट तर मला जास्त आवडते, तिथे सँड्रो नावाचा प्रेतं उठवणारा मांत्रिक भल्या माणसांना गोड बोलून जादूच्या वस्तूंचे तुकडे गोळा करायला लावतो आणि ते जुळले की त्यांच्यावरच उलटतो. वस्तूंचे तुकडे जोडून एक मोठी वस्तू बनवायची सोय पण तिथूनच आली.

एवढं सगळं असलं तरी माझं प्रामाणिक मत असं आहे की आर्मागेडन्स ब्लेडमधली सगळ्यात मोठी गोष्ट खोक्यावर मोठ्या अक्षरात मिरवण्यासारखी दिसतच नाही. ती म्हणजे रँडम मॅप. एक बटण. किती मोठा नकाशा, किती खेळाडू, पाणी किती एवढं सांगायचं आणि कम्प्युटर नवाकोरा नकाशा बनवून देतो जो कोणीच आधी बघितलेला नाही. मूळ गेममध्ये डिस्कवरचे नकाशे पाठ झाले की संपलं, दादाला प्रत्येक नकाशात रत्नांची खाण कुठे ते झोपेत सांगता यायचं. हे बटण आल्यावर ते पाठांतर बाद झालं आणि आम्ही दोघं एका पातळीवर आलो. आजही हा गेम हजारो लोक एकमेकांशी खेळतात ते जवळजवळ सगळं या रँडम नकाशांवर, त्यासाठी लोकांनी स्वतःचे साचे बनवलेत. फिनिक्स, कॅम्पेन (गोष्टीतल्या ओळीने खेळायच्या मोहिमा), नवे ड्रॅगन हे सगळं दोन-तीन वर्षांत खेळून संपलं असतं, गेमला पंचवीस वर्षं जगवलं ते या बटणाने असं मला वाटतं.

आणि नेमकं हेच हरवलं.

झालं असं की हा गेम बनवणाऱ्या कंपनीची मालक असलेली थ्रीडीओ २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि माईट अँड मॅजिकचे हक्क त्याच वर्षी युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीने तेरा लाख डॉलरला घेतले. पुढे जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी हीरोज ३ ची एचडी एडिशन काढली, चित्रं नव्याने केलेली, टॅबलेटवर पण चालणारी. लोक खूश. आणि मग कळलं की त्यात आर्मागेडन्स ब्लेड नाही, शॅडो ऑफ डेथ नाही, फक्त मूळ गेम. कॉन्फ्लक्स नाही, तुकडे जोडून वस्तू नाहीत, आणि रँडम मॅपचं ते बटण पण नाही. कारण काय, तर एक्सपान्शनचा सोर्स कोड हरवला, असं त्यांच्याच बाजूने सांगितलं गेलं.

सोर्स कोड म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी तुमच्याच लेखातली उपमा वापरते. डिस्कवर आपल्याला मिळतो तो थिएटरला पाठवलेल्या प्रिंटसारखा, बघता येतो, पण त्यातला एखादा सीन नव्याने कापायचा, आवाज वेगळा करायचा तर मूळ निगेटिव्ह लागते. प्रोग्रामरने माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला तो सोर्स कोड, आणि त्यावरून मशीनसाठी बनवलेले आकडे म्हणजे आपल्याला मिळालेला गेम. आकड्यांवरून परत मूळ लिखाण जसंच्या तसं मिळत नाही. म्हणजे विचार करा, एक्सपान्शन जगभर लोकांच्या कपाटात पडलंय, दुकानात विकलं जातंय, मी स्वतः परवा विकत घेतलं, आणि तरी ते हरवलेलं आहे! कंपनी विकली गेली, ऑफिस बंद झालं, सामान हलवलं, त्यात कुठल्या तरी टेपवर किंवा डिस्कवर असलेली ती फाइल कोणालाच महत्त्वाची वाटली नाही. निगेटिव्हला निदान बुरशी लागते, वास येतो, कोणाला तरी कळतं.

आता खेळणाऱ्यांनी काय केलं ते बघा. सोर्स नाही म्हटल्यावर त्यांनी त्या आकड्यांतूनच वाट काढली, कुठल्या आकड्याने काय होतं ते एकेक करून शोधलं, त्यावर आपले ठिगळ लावले. एचडी मॉड असाच झाला. हॉर्न ऑफ द अबिस नावाचं लोकांनी बनवलेलं एक्सपान्शन २०११ च्या शेवटी आलं, शॅडो ऑफ डेथच्या पायावर उभं केलेलं, त्यात चाच्यांचं कोव्ह नावाचं नवं टाउन आहे, आणि इतकं नीट बेतलेलं आहे की न सांगता दाखवलं तर कोणी म्हणणार नाही की हे मूळ कंपनीचं नाही. हॉर्न ऑफ द अबिस चालवायला जुना कम्प्लीट गेम लागतो, २०१५ च्या नव्या चकचकीत एडिशनवर ते चालत नाही! नवं ते बिनकामाचं आणि जुनं ते उपयोगाचं. दुसरीकडे व्हीसीएमआय म्हणून एक मंडळी आहेत, त्यांनी २००७ पासून अख्खं इंजिनच, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रामच, नव्याने लिहायला घेतलं, तेही सगळ्यांना वाचता येईल असं, त्यामुळे आज तो गेम लिनक्सवर, मॅकवर, फोनवर पण चालतो. चित्रं आणि आवाज मात्र तुमच्याकडच्या खऱ्या गेममधून घ्यावे लागतात, ते ते लोक वाटत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

एक गंमत सांगते. हॉर्न ऑफ द अबिसमध्ये आता अजून एक टाउन आलंय, फॅक्टरी. नावावरून कळलंच असेल. यंत्रमानव, बंदूकवाले, मोठे लोखंडी राक्षस. म्हणजे १९९९ मध्ये ज्या चाहत्यांनी यंत्रं नकोत म्हणून फोर्ज बंद पाडलं त्याच चाहत्यांच्या गोतावळ्याने वीस-पंचवीस वर्षांनी स्वतःच्या हाताने यंत्रांचं टाउन बनवलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. आता कोणी म्हणेल फोर्ज कुरूप होतं आणि फॅक्टरी सुंदर आहे, असेलही. मला वाटतं की तेव्हा लोकांना गेम बदलेल याची भीती होती, आता बदलला तरी जाणार नाही एवढा भरवसा आलाय.

मी हे सगळं गुलाबी चष्मा लावून लिहितेय असं वाटू नये. गेममध्ये खोट आहे. कम्प्युटरचा खेळाडू आज खेळताना अगदीच भोळा वाटतो, एकटा हीरो हातात चार सैनिक घेऊन तुमच्या ड्रॅगनसमोरून फिरतो. प्रेतं उठवायची विद्या घेतली की प्रत्येक लढाईनंतर फुकटचे सांगाडे मिळत राहतात आणि महिन्याभरात खेळात राम उरत नाही. काही कॅम्पेन कंटाळवाणी आहेत, नुसती पळापळ. आणि मॉड बसवणं हे पण सगळ्यांना जमण्यासारखं नाही, कुठल्या फोल्डरमध्ये काय टाकायचं, अँटिव्हायरस ओरडतो त्याला गप्प कसं करायचं, आधी काय आणि मग काय, माझे दोनदा नाकी नऊ आले आणि एकदा सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागलं. शिवाय हे फुकट काम करणारे लोक उद्या कंटाळले तर? त्यांच्यावर कोणाची जबरदस्ती नाही, आणि सगळी भिस्त मात्र त्यांच्यावर आहे.

म्हणून संपादक साहेब, माझी तक्रार त्या एका वाक्यापुरती आहे आणि विनंती थोडी मोठी. गेम म्हटलं की वर्तमानपत्रात दोनच प्रकारचं येतं, एक तर मुलं कशी बिघडतात आणि दुसरं म्हणजे या धंद्यात किती पैसा आहे. सिनेमाबद्दल लिहिताना तुम्ही असं करत नाही. जुना सिनेमा कोणी सोडवला, कोणाच्या गोदामात सापडला, कोणाचं संगीत होतं हे आवडीने छापता. तसं एखाद वेळी एखाद्या जुन्या गेमबद्दल छापा ना, कोणी बनवला, कोड कुठे गेला, कोणी वाचवला. आणि ज्यांच्या हातात आज असले हक्क आहेत, मग ते कुठेही असोत, त्यांना कोणीतरी विचारायला पाहिजे की बाबांनो आज जे विकताय त्याचा सोर्स कोड नीट ठेवलाय ना? कारण आजचे कित्येक गेम तर डिस्कवर पण नसतात, सर्व्हर बंद झाला की संपलं, माझ्याकडे निदान चरा पडलेली का होईना डिस्क आहे.

मी आणि दादा परत खेळतोय. एका खुर्चीत नाही, तो लांब असतो. हॉट सीटचीच सेव्ह फाइल एकमेकांना मेल करतो, त्याची टर्न झाली की तो पाठवतो, माझी झाली की मी. दिवसाला एक टर्न झाली तरी खूप. थांबायची सवय आपोआप परत आली.

आपली,
एक जुनी वाचक

ता.क. हे पत्र लिहून होईपर्यंत दादाची फाइल आली. नवव्या दिवशी तो माझ्या गंधकाच्या खाणीवर येऊन उभा आहे. त्याला ती खाण तिथे आहे हे कसं कळलं ते मी शोधून काढणार आहे, नकाशा रँडम आहे आणि कपाटाची काच तर आता माझ्याकडे आहे.